वाचकांचे प्रश्न : बँड बदलला की उतरला?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत होती, म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून केवळ त्यांनाच उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला बरीच जास्त जागा गेली आहे; उरलेल्या चौघांनी त्याबद्दल रुसू नये, कारण त्यांच्या उत्तरांचा निम्मा भाग तिथेच येऊन गेला आहे.

प्रश्न : मी गेली तीस-पस्तीस वर्षे मेटालिका हा बँड ऐकत आलो आहे. त्यांचे पहिले चार अल्बम मला पाठ आहेत, असे म्हटले तरी चालेल. 1991 च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमपासून मात्र हा बँड संथ, सोपा आणि सगळ्यांना खूश करू पाहणारा झाला, आणि तिथूनच त्याची उतरण सुरू झाली, असे माझे ठाम मत आहे. माझा भाचा नेमके उलट म्हणतो. त्याच्या मते तीच ती गाणी जन्मभर करत राहणे हीच खरी अधोगती, आणि माझे प्रेम बँडवर नसून माझ्या स्वतःच्या तरुणपणावर आहे. हा टोमणा मला लागला. एखाद्या जुन्या बँडचा आवाज बदलतो तेव्हा ती वाढ आहे की घसरण, हे ठरवण्याची काही कसोटी आहे का, की हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला आहे?
एक जुना श्रोता

उत्तर : आपल्या भाच्याचा टोमणा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग आधीच मान्य करून टाकलेला बरा. पौगंडावस्थेत आणि विशीत घडलेल्या गोष्टी माणसाला पुढे आयुष्यभर अधिक ठळकपणे आठवतात, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी वारंवार नोंदवले आहे, आणि त्या वयात ऐकलेले संगीतही याला अपवाद नाही. ज्या अल्बमने आपली आणि बँडची ओळख झाली, तोच आपल्या मनात त्या बँडचा 'खरा' आवाज होऊन बसतो आणि पुढचे सारे त्याच्याशी ताडून पाहिले जाते. मात्र यातून एवढेच कळते की ते अल्बम आपल्याला का प्रिय आहेत. ते चांगले आहेत की नाहीत, हे त्यातून मुळीच ठरत नाही. एखादी गोष्ट जिव्हाळ्याची आहे म्हणून ती आपोआप सुमार होत नाही. शिवाय भाचा आज विशीत असेल, तर तीस वर्षांनी त्यालाही त्याचा भाचा भेटेलच.

आता मूळ मुद्दा. आपण उतरणीची सुरुवात 1991 मध्ये धरता, पण ही तक्रार त्याहून बरीच जुनी आहे. बँडचा पहिला अल्बम 1983 मध्ये आला, आणि वेग व आक्रमकता हीच त्याची ओळख होती. पुढच्याच वर्षी दुसरा अल्बम आला आणि त्यात 'फेड टू ब्लॅक' हे गाणे होते, जे अकॉस्टिक गिटारच्या संथ सुरावटीने उघडते आणि जगण्याची इच्छा गमावलेल्या माणसाविषयी बोलते. बँडची स्थापना 1981 ची. म्हणजे जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि तेवढ्यातच काही चाहत्यांनी "हे विकले गेले" अशी ओरड केली होती. ते गाणे आपल्याला पाठ असलेल्या चार अल्बमांपैकीच एकातले आहे. 1984 मध्ये कोणाला तरी जी घसरण वाटली होती, ती आज आपल्या दृष्टीने सुवर्णकाळाचा भाग आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे 1991 ची रेघ इतक्या खात्रीने ओढताना हात थोडा आखडतो.

बँडचा आवाज बदलला असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: गाण्याची गती, त्याची रचना, ते ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत आणि गाणाऱ्याचा गळा. या चारही गोष्टी एकाच वेळी एकाच दिशेने क्वचितच सरकतात, आणि वादात आपण एकीबद्दल बोलत असतो, तर समोरचा दुसरीबद्दल. आपल्या तक्रारीतला 'संथ' हा शब्द गतीविषयी आहे आणि 'सोपा' हा रचनेविषयी. तिसरा आरोप, म्हणजे सगळ्यांना खूश करण्याचा, हा तर हेतूविषयी आहे, आणि हेतू काही कानांनी ऐकू येत नाही.

1991 चा अल्बम समजून घ्यायचा तर 1988 मध्ये जावे लागते. 1986 च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून बास वादक क्लिफ बर्टन गेला. स्वरमेळाची आपली जाण त्याच्यामुळे वाढली, असे त्याचे सहकारीच सांगत आले आहेत. त्याच्यानंतर आलेला '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम म्हणजे या बँडच्या गुंतागुंतीचे टोक होते: नऊ गाणी, साधारण 65 मिनिटे, दर काही क्षणांनी बदलणाऱ्या लयी, आणि मुद्रण इतके कोरडे की नवा बास वादक जेसन न्यूस्टेड जवळजवळ ऐकूच येत नाही. त्या अल्बमचे शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचे आहे. ते दौऱ्यावर वाजवताना समोरचे श्रोते शेवटाकडे कंटाळलेले दिसत आणि आपणही थकलो होतो, असे बँडच्याच सदस्यांनी पुढे सांगितले आहे, आणि नंतर कित्येक वर्षे त्यांनी ते संपूर्ण गाणे मंचावर घेतले नाही. ज्या वाटेवरून ते थांबल्याचा आपल्याला राग आहे, ती वाट 1988 मध्येच संपली होती. त्याहून लांब आणि त्याहून अवघड गाणे त्यांना करता आले असते, याबद्दल मला शंका नाही. पण ते गाणे तालमीच्या खोलीत कौतुकाने ऐकण्याचे झाले असते, आणि आपण स्वतः ते किती वेळा ऐकले असते, याचे उत्तर मनाशी द्यावे.

काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमवर 1990 च्या ऑक्टोबरपासून 1991 च्या जूनपर्यंत काम चालले होते. निर्माते बॉब रॉक यांनी वादकांना एकेक थर वेगवेगळा रचण्याऐवजी एका खोलीत एकत्र वाजवायला लावले, बासला त्याची जागा परत दिली आणि ठेक्याला वजन आणले. 'सॅड बट ट्रू' या गाण्यासाठी गिटारच्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या, आणि त्या गाण्याचा सगळा जडपणा त्या निर्णयात आणि संथ गतीत आहे; तेच गाणे पूर्वीच्या वेगाने वाजवले असते तर ते हलके झाले असते. याच काळात गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा गळा बसला, त्याने गायनशिक्षकाकडे धडे घेतले, आणि ओरडण्याच्या जागी तो प्रथमच गाऊ लागला. शब्दांकडे पाहिले तर आधीच्या अल्बमांत युद्ध, मृत्युदंड आणि व्यसन असे बाहेरचे विषय अधिक आहेत. इथे 'द गॉड दॅट फेल्ड' मध्ये तो आपल्या आईविषयी लिहितो, जिने धर्मश्रद्धेपोटी कर्करोगावर उपचार नाकारले होते. एवढे वैयक्तिक दुःख चार-पाच मिनिटांच्या बांधेसूद गाण्यात बसवणे हे दहा मिनिटांत आठ रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, एकापुढे एक मांडण्यापेक्षा सोपे आहे, असे मला वाटत नाही. अल्बम केवळ अमेरिकेतच 1 कोटी 60 लाखांहून अधिक खपला, आणि माझा अंदाज असा की आपल्या रागाचे एक कारण हा आकडाही असावा, कारण जे आपल्या चारजणांचे गुपित होते ते एका वर्षात सर्वांचे झाले.

कसोटीचे विचारले आहे, तर माझी कसोटी एकच आहे: बँडला अजून टाकून देता येते का? तरुण बँडकडे पैसा कमी असतो, स्टुडिओचे दिवस मोजके असतात, 'नको' म्हणणारी माणसे भोवती भरपूर असतात, आणि ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळात तर तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांहून अधिक संगीत धड बसतही नसे. त्यामुळे निवड करावीच लागे. बँड मोठा झाला की ही सारी बंधने एकेक करून सुटतात. सीडीवर 74 मिनिटे आणि पुढे त्याहूनही अधिक संगीत मावू लागले, आणि जगप्रसिद्ध माणसाला "हे गाणे पडेल आहे" असे तोंडावर सांगणारे कोणी उरत नाही. उतरण मला तिथे दिसते, आणि ती गंमत अशी की ती उतरण उदारपणासारखी दिसते, कारण श्रोत्याला एकाच किमतीत अधिक गाणी मिळत असतात.

या कसोटीवर 1996 चा 'लोड' लावून पाहा. त्या वेळी ओरड झाली ती केस कापल्याची, नव्या धाटणीच्या छायाचित्रांची आणि 'मामा सेड' सारख्या कंट्री वळणाच्या गाण्याची. माझ्या मते त्या अल्बममधले हे बदलच त्यातला चांगला भाग आहेत. तोवर घट्टपणा राखण्यासाठी ऱ्हिदम गिटारचे, म्हणजे ठेका धरून ठेवणाऱ्या गिटारचे, सगळे थर एकटा हेटफिल्ड मुद्रित करत असे; इथे प्रथमच दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट यानेही त्यात हात घातला, आणि दोन माणसांच्या हातांतला जो सूक्ष्म फरक असतो, त्यामुळे त्या पोलादी भिंतीत थोडी हवा शिरली. मात्र अल्बममध्ये 14 गाणी आहेत आणि तो 79 मिनिटांना टेकतो. शेवटचे 'द आउटलॉ टॉर्न' हे गाणे सीडीत मावेना म्हणून जवळपास एक मिनिट छाटावे लागले. म्हणजे कात्री चालली ती बँडच्या मनाने नव्हे, तर तबकडीच्या मापाने. पुढच्याच वर्षी 'रीलोड' मध्ये आणखी 13 गाणी आली. दोन वर्षांत 27 गाणी. आणि आपल्याला पाठ असलेल्या 1986 च्या अल्बममध्ये आठच गाणी आहेत. त्या 27 मधून दहा निवडून एकच अल्बम काढला असता, तर आपला आणि भाच्याचा हा वाद बहुधा झालाच नसता.

'सेंट अँगर' हा नंतरचा अल्बम मला आवडत नाही, हे कबूल करतो. त्यात एकही गिटार सोलो नाही, स्नेअर ड्रम डब्यासारखा वाजतो, आणि पाऊण तासात जे सांगून झाले असते त्याला सव्वा तास लागतो. तरीही त्याला उतरण म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण बास वादक सोडून गेला आहे, गायक व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दूर राहून आला आहे, आणि ही मोडतोड न झाकता तशीच मुद्रित करण्याचे धाडस त्यात आहे. फसलेला प्रयोग हा शेवटी प्रयोगच असतो. उलट 2008 च्या 'डेथ मॅग्नेटिक' ने जुन्या श्रोत्यांना हायसे वाटले, सोलो परत आले, वेग परत आला, आणि मला मात्र तिथे प्रथमच भीती वाटली. निर्माते रिक रुबिन यांनी बँडला ऐंशीच्या दशकाच्या मध्यातल्या मनःस्थितीत परत जाऊन विचार करायला सांगितले होते. त्यातली दोन-तीन गाणी झकास आहेत, पण पंचेचाळिशीतली माणसे बाविशीतल्या स्वतःची नक्कल उत्तम रीतीने करत आहेत, ही जाणीव ऐकताना पुसता येत नाही. त्यावर आवाजाची पातळी इतकी चढवलेली होती की ध्वनी फाटू लागला, आणि एका व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी सीडीपेक्षा स्वच्छ ऐकू येतात, हे चाहत्यांच्याच लक्षात आले.

तेव्हा 1991 बद्दल माझा कौल भाच्याच्या बाजूने आहे. 1996 बद्दल तो आपल्या बाजूने आहे, फक्त आपण दिलेल्या कारणासाठी नव्हे.

प्रश्न : पीटर गॅब्रिएल गायक असतानाचा जेनेसिस आणि फिल कॉलिन्सच्या काळातला जेनेसिस हे मला दोन वेगळे बँड वाटतात. सदस्य बदलल्यावर जुने नाव वापरत राहणे प्रामाणिक आहे का? आणि मग अशा बँडची वाढ झाली किंवा घसरण झाली, असे म्हणता तरी येते का?
एक वाचक

उत्तर : जेनेसिसपुरते बोलायचे तर नाव वापरणे अगदी प्रामाणिक होते. 1967 मध्ये शाळकरी मुलांनी सुरू केलेल्या या बँडमधले टोनी बँक्स आणि माइक रदरफर्ड हे अखेरपर्यंत होते, आणि सुरुवातीच्या लांबलचक रचनांमध्ये स्वरमेळाचा जो विशिष्ट रंग आहे, तो मोठ्या प्रमाणात बँक्सच्या कीबोर्डचा आहे. मुखवटे आणि पोशाख घालून कथा सांगणारा गॅब्रिएल डोळ्यांना दिसत होता, म्हणून तो म्हणजेच बँड, असा समज झाला. 1975 मध्ये तो गेल्यावर बऱ्याच गायकांची परीक्षा घेऊन झाली, आणि शेवटी मागे ड्रमवर बसलेला कॉलिन्सच गायला पुढे आला. 1976 चा त्यानंतरचा पहिला अल्बम ज्यांनी ऐकला आहे, त्यांना गॅब्रिएल गेल्याने संगीत फारसे बदलले नाही, हे कळते. माझ्या कानाला खरा फरक जाणवतो तो 1977 मध्ये गिटारवादक स्टीव्ह हॅकेट गेल्यावर, कारण मधल्या पट्टीतली ती नाजूक वीण तेव्हापासून विरळ झाली. पण तो मंचावर खाली मान घालून बसत असे, त्यामुळे त्याच्यासाठी शोक करणारे थोडे.

1986 च्या 'इनव्हिजिबल टच' ला घसरणीचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केले जाते. त्यातले शीर्षकगीत पॉप आहे, यात वाद नाही. पण त्याच अल्बमवर 'डोमिनो' ही पावणेअकरा मिनिटांची दोन भागांतली रचना आहे, तिचा उल्लेख तक्रार करणारे कधी करत नाहीत. आणखी एक गमतीची गोष्ट म्हणजे त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेत हे शीर्षकगीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्याला तिथून खाली उतरवले ते खुद्द गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर' ने. 'कलावंत गॅब्रिएल बाहेर पडला आणि बाजारू कॉलिन्स उरला' ही कथा त्या एका आठवड्यापुढे टिकत नाही. काळच तसा होता आणि दोघेही त्यात उतरले होते. कॉलिन्स गेल्यानंतर 1997 मध्ये नव्या गायकासह आलेला अल्बम मात्र मला खरी उतरण वाटतो, आणि त्याचे कारण गायक नव्हे. तिघांनी एका खोलीत वाजवत गाणे घडवण्याची त्यांची जी रीत पडली होती, तिच्यातला एक पाय निखळला होता.

फ्लीटवूड मॅकच्या बाबतीत आपली शंका अधिक रास्त आहे. 1967 मध्ये लंडनमध्ये पीटर ग्रीनने उभा केलेला तो ब्लूज बँड होता. ग्रीन 1970 मध्ये गेला, 1975 च्या सुमारास लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स आले, आणि 1977 मध्ये 'रूमर्स' आला. पहिल्या दिवसांपासून शेवटपर्यंत राहिले ते ड्रमवादक मिक फ्लीटवूड आणि बास वादक जॉन मॅकव्ही, ज्यांच्या आडनावांवरून बँडचे नाव पडले आहे, आणि हे दोघे गाणी क्वचितच लिहीत. तिथे वाढ आणि घसरण ही भाषाच लागू पडत नाही. घर तेच राहिले आणि भाडेकरू बदलत गेले, एवढेच म्हणता येते, आणि त्यातले काही भाडेकरू विलक्षण होते.

प्रश्न : बँड आवाज बदलतात ते शेवटी पैशासाठीच ना? मग एवढी चर्चा कशाला?
एक रोखठोक वाचक

उत्तर : पैशासाठीच बदलायचे असेल तर रेडिओहेडने 1997 च्या 'ओके कॉम्प्युटर' सारखा आणखी एक अल्बम काढायला हवा होता. त्यांनी 2000 मध्ये 'किड ए' काढला, ज्यात गिटार बऱ्याच अंशी बाजूला सारली आहे आणि ज्यातले एकही गाणे त्यांनी सुटे प्रसिद्ध केले नाही. तो ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, हे खरे, पण ते कोणाला आधी ठाऊक होते? रश या बँडचे उदाहरण त्याहून बोलके आहे. 1975 चा त्यांचा अल्बम पडला, कंपनीला आटोपशीर गाणी हवी होती, आणि या तिघांनी 1976 मध्ये वीस मिनिटांची '2112' ही रचना देऊन तबकडीची एक संपूर्ण बाजू भरली. अल्बम चालला, आणि त्यानंतर त्यांच्या कामात कोणी लुडबुड केली नाही.

पैसा बिघाड करतो तो वेगळ्या मार्गाने, म्हणजे वेळापत्रकातून. यू2 च्या 1997 च्या 'पॉप' अल्बमच्या वेळी दौऱ्याच्या तारखा आधीच पक्क्या झाल्या होत्या आणि मुद्रण लांबत गेले. गाणी पुरती शिजायच्या आत ताटात वाढावी लागली. त्यातल्या काही गाण्यांना बँडने 2002 च्या संकलनासाठी नव्याने रूप दिले, ही त्यांचीच कबुली समजायला हरकत नाही. तिथे टाकून देण्याची कुवत होती, सवड नव्हती.

प्रश्न : एसी/डीसी हा बँड 1973 पासून जवळजवळ एकच आवाज काढत आहे, आणि तरीही लोक तो आवडीने ऐकतात. न बदलणे ही सुद्धा वाढ असू शकते का?
एक गिटार शिकणारी वाचक

उत्तर : असू शकते, पण ती शोधायला कान जवळ न्यावा लागतो. एसी/डीसीचे गायक बॉन स्कॉट 1980 च्या फेब्रुवारीत वारले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनसह 'बॅक इन ब्लॅक' आला. गळा बदलला तरी बँड बदलला नाही, कारण त्याचा कणा माल्कम यंगच्या ऱ्हिदम गिटारमध्ये होता. आपण गिटार शिकत आहात, तर त्याच्या वाजवण्यातल्या मोकळ्या जागा मोजून पाहा. दोन आघातांमधली शांतता तो जितक्या नेमकेपणाने ठेवतो, तितक्या नेमकेपणाने अनेकांना सूरही लावता येत नाहीत. आजारपणामुळे तो 2014 मध्ये बाजूला झाला, तेव्हा त्याच्या जागी त्याचाच पुतण्या स्टीव्ही आला. अशा बँडमध्ये बदलाची मागणी करणे म्हणजे धृपद गायकाकडे ठुमरीचा आग्रह धरण्यासारखे आहे.

बाहेरून न दिसणाऱ्या वाढीचे मला सर्वांत प्रिय उदाहरण मात्र रशच्या नील पिअर्टचे आहे. 1974 पासून तो त्या बँडचा ड्रमवादक होता आणि नव्वदच्या दशकात पोहोचेपर्यंत जगभरचे तरुण ड्रमवादक त्याला देव मानू लागले होते. त्या टप्प्यावर, चाळिशी उलटल्यावर, त्याने फ्रेडी ग्रुबर या वृद्ध शिक्षकाकडे नव्याने शिकायला सुरुवात केली, आणि डाव्या हातातली काठी तळवा वर करून धरण्याची जुनी जॅझ पद्धत रोजच्या रियाजाने अंगी बाणवली. त्यानंतरचा 1996 चा अल्बम ऐकणाऱ्या सर्वसाधारण श्रोत्याला यातले काही कळले नसेल. ठेक्यात जरा सैलपणा आला, दोन आघातांमधला प्रवास अधिक गोल झाला, एवढेच. याउलट त्याच बँडने 1982 पासून काही वर्षे सिंथेसायझर पुढे आणला, तेव्हा तो बदल सर्वांना ऐकू आला आणि त्यावर रणे माजली; खुद्द गिटारवादक ॲलेक्स लाइफसनही आपल्या वाद्याला मिळालेल्या जागेबद्दल नाराज होता. मी त्या अल्बमांच्या बाजूचा आहे, पण या दोहोंतला मोठा बदल कोणता, असे विचाराल तर मी डाव्या हातातल्या काठीकडे बोट दाखवीन.

एक गोष्ट पत्रात आली नाही, तरी सांगायला हवी, ती म्हणजे शरीराची. डीप पर्पलच्या 'चाइल्ड इन टाइम' मधल्या इयन गिलनच्या 1970 च्या किंकाळ्या पुढच्या वयात निघणे शक्यच नव्हते, आणि त्याने ते गाणे मंचावर घेणे थांबवले. पट्टी उतरवणारे, सूर बदलून घेणारे किंवा गाणेच सोडून देणारे गायक पाहून जे 'उतरले' असे म्हणतात, त्यांनी स्वतःच्या जिन्याच्या पायऱ्यांचाही विचार करावा.

प्रश्न : मी मेटालिकाची फक्त नव्वदच्या दशकानंतरची गाणी ऐकली आहेत आणि ती मला आवडतात. जुने श्रोते म्हणतात की आधी पहिले चार अल्बम ऐकल्याशिवाय बोलू नये. मी कुठून सुरुवात करावी?
एक नवी श्रोती

उत्तर : आपली सुरुवात होऊन गेली आहे, ती पुन्हा करण्याची गरज नाही. आता मागे जायचे असेल तर आधी 1984 चा दुसरा अल्बम घ्यावा, कारण त्यात वेग आणि सुरावट दोन्ही आहेत आणि पुढे जे जे झाले त्याचे बीज त्यात सापडते. त्यानंतर 1986 चा. 1988 चा अल्बम शेवटी ठेवावा आणि बास ऐकू येत नाही म्हणून आपले हेडफोन बिघडले असे समजू नये.

वर ज्या 'द आउटलॉ टॉर्न' चा उल्लेख आला आहे, त्याचे न छाटलेले रूप बँडने 1997 च्या एका सिंगलवर प्रसिद्ध केले होते. ते पावणेअकरा मिनिटांचे आहे, आणि जास्तीचा मिनिटभर भाग शेवटाकडच्या वादनात आहे. दोन्ही रूपे लागोपाठ ऐका आणि छोट्या रूपात आपल्याला काही चुकल्यासारखे वाटते का, ते पाहा. मला वाटते, आणि त्यामुळे माझी वर दिलेली कसोटी थोडी अडचणीत येते. आपल्याला काय वाटते ते अवश्य कळवावे.